चौदाव्या दिवसाची मोजणी

प्रिय गोगलगाय,

पाकीट हातात घेतल्यावर तुझ्या मनात काय आलं असेल ते मला इथून दिसतंय. चार वर्षं वाढदिवसाला दोन ओळी, त्याही मोबाइलवर, आणि आज एकदम टपालाने एवढं जाडजूड पत्र. कुणी गेलं तर नाही ना? नाही गं. सगळे आहेत आणि ठणठणीत आहेत. मागची खोली वाचली, ही बातमी आहे. मामा त्यांच्या स्टुलावर आहेत, लाकडी पाय जिथल्या तिथे आहेत आणि मी गेले कित्येक दिवस विनाकारण हसत सुटले आहे. तुझ्या नव्या ऑफिसात तुला सगळे मॅडम म्हणत असतील, पण मी काही 'गोगलगाय' सोडणार नाही. चार ओळी लिहायला तीन दिवस घेणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणायचं? आणि तू मला दिलेलं नाव अजून दुकानात चालतं. मामा आजही 'वावटळ आली का?' असंच विचारतात.

खोली 'वाचली' म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण ती जायच्या बेतात होती हे तुला कुणी कळवलं नसणार. तू गेल्यावर पुढचं दुकान रंगवलं, काचेचं दार मात्र अजून तसंच अडकतं. मागे काहीच बदललं नाही. तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या, त्यांवर अकराशेच्या वर माणसांचे लाकडात कोरलेले पाय, प्रत्येकावर पेन्सिलीने घातलेला नंबर. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा अंगठा गेलेला, कुणाचं पाऊल लहानपणच्या आजारात वळलेलं. ज्यांना जगातला कुठलाच तयार बूट होत नाही त्यांच्यासाठी मामा आधी पाय कोरतात, मग त्यावर बूट शिवतात. थंडी संपता संपता मालकीणबाईंनी एक दिवस सगळ्यांना बोलावून सांगितलं की नवीन मापं घ्यायला येणारी माणसं दरवर्षी कमी होताहेत, तेव्हा या मोसमात मापासाठी साठ जणांनी वेळ घेतली तर ठीक, नाहीतर मागची खोली रिकामी करून तिथे बुटात घालायच्या तयार तळव्यांची खोकी रचायची. लाकडी पायांना गिऱ्हाईकही मिळालं होतं. एक सजावटवाला त्यांचे दिवे करून चहाच्या दुकानांत टांगणार होता. मामांनी हातातला बूट चमकवला, खाली ठेवला, आणि पुन्हा उचलून तोच बूट चमकवायला घेतला.

साठ माणसं आणायची तर आपल्याकडे साधन एकच, पत्त्यांची ती यादी आणि आपले मेल. यादीत अकराशे अठ्ठेचाळीस नावं. त्यांना कुठला मेल पाठवायचा हे ठरवायची दुकानाची रीत तुला तोंडपाठ आहे. दोन मेल लिहायचे, एक वीस जणांना, दुसरा दुसऱ्या वीस जणांना, दुपारपर्यंत कुणाला जास्त उत्तरं आली ते बघायचं आणि जिंकलेला मेल उरलेल्या सगळ्यांना धाडायचा. पी हळद आणि हो गोरी. ती रीत कुणी सुरू केली हेही तुला आठवत असेलच. चार वर्षं मी हेच केलं. निळं बटण की हिरवं, 'नमस्कार' की 'नमस्ते', फोटोत बूट उजवीकडे की डावीकडे. दर वेळी कुणीतरी जिंकायचं, दर वेळी मी टेबलावर थाप मारायचे आणि दर वर्षी माणसं कमी यायची. मालकीणबाई कौतुकाने म्हणायच्या, शितावरून भाताची परीक्षा, आणि मला ते खरंच वाटायचं.

मग चारशेबाई आल्या. हे नाव मी ठेवलेलं. खरं तर त्या आपल्या जुन्याच गिऱ्हाईक, डावा पाय दीड इंच आखूड, दर दोन वर्षांनी टाच बदलायला येतात. त्या आल्या तेव्हा मी नुकतंच हिरवं बटण विजयी घोषित केलं होतं, विसात पाच विरुद्ध विसात दोन. मामा त्यांचं माप घेत होते आणि मी ही लढाई त्यांना रंगवून सांगत होते. त्या इतक्या हसल्या की मामांना फीत बाजूला ठेवावी लागली. तीस वर्षं त्या बियाण्यांच्या प्रयोगशाळेत होत्या. पोत्यातलं बी चांगलं की वाईट हे ठरवायला तिथे चारशे बिया घेतात, ओल्या कागदावर शंभर-शंभर मांडतात आणि ठरलेल्या दिवशी मोजतात. वीस बियांवर त्यांनी कुणाचं पोतं नापास केलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांनाच घरी बसवलं असतं, म्हणाल्या. शितावरून भात कळतो, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसं तशी कुठे असतात? आणि मग बूट घालता घालता, माझ्याकडे न बघताच त्यांनी सांगितलं ते मी इथे जसंच्या तसं लिहिते: "पाचव्या दिवशी उगवलं नाही म्हणजे बी मेलं असं नसतं. मोजायचा दिवस आधी लिहून ठेवायचा, आणि तोवर हात मागे बांधायचे." माझं हसू तिथेच विरलं. का, ते सांगते, पण आत्ता नाही.

त्या गेल्या नाहीत, तेवढी माझी पुण्याई. त्यांनी मापाचं एक कोरं कार्ड मागून घेतलं आणि मला प्रश्न विचारले, डॉक्टर विचारतात तसे. नुसती उत्तरं नकोत, मेल वाचून मापाची वेळ किती जण घेतात? शंभरात तीन, मी म्हटलं. किती फरक पडला तर तो मला दिसायला हवा आहे? मी म्हटलं, कितीही, जेवढा असेल तेवढा. त्यांनी कार्डावर आकडेमोड केली आणि पुढे सरकवली. शंभरात तीन आणि शंभरात चार यांतला फरक खात्रीने दिसायचा तर एकेका बाजूला पाच हजारांहून जास्त माणसं लागतील. आपल्याकडे सगळी मिळून अकराशे. पण तीन आणि सात एवढा फरक असेल, तर एकेका बाजूला पावणेपाचशे पुरतील. म्हणजे आपल्या यादीला हत्ती दिसेल, मुंगी दिसणार नाही. चार वर्षं मी मुंग्या शोधत होते, गोगलगाय, तेही वीस-वीस माणसांचं भिंग घेऊन. त्यांचा सल्ला सोपा होता. बटणाचे रंग सोड. खरोखर वेगळ्या अशा दोनच गोष्टी घे, अख्खी यादी चिठ्ठ्या टाकून निम्मी निम्मी कर, मोजणीचा दिवस आधी लिही, आणि गप्प बस. शेवटचं काम सगळ्यांत अवघड आहे हे त्यांनी माझ्याकडे बघून ओळखलं असावं.

मालकीणबाई ऐकेनात. त्यांचं म्हणणंही चूक नव्हतं. निम्म्या यादीला फसलेला मेल गेला तर निम्मी यादी वाया. मी म्हटलं, वाया कशी, चांगला ठरलेला मेल नंतर त्यांनाही पाठवता येईल, पाय काही पळून जात नाहीत. तरी त्या वीस-वीसवर अडून बसल्या. तेव्हा मी एक खोडी केली. बुटांना पॉलिश करायची आठवण देणारा मेल तसाही जायचाच होता. तो मी वीस-वीसच्या चार जोड्यांना पाठवला, दुसऱ्या दिवशी चारही जोड्यांचे आकडे त्यांच्यापुढे ठेवले आणि विचारलं, कोणता मेल सरस? तीन जोड्यांत जवळपास बरोबरी होती. चौथीत मात्र एका बाजूला सात जणांनी लिंक उघडली होती, दुसऱ्या बाजूला दोघांनी. मालकीणबाईंचं बोट थेट तिथे गेलं. हा सातवाला, म्हणाल्या, याची भाषा बघ कशी आपुलकीची आहे, आणि हा दुसरा कोरडा. मी दोन्ही मेल छापून त्यांच्यापुढे ठेवले. तोच मजकूर, तोच फोटो, स्वल्पविरामासकट तोच. त्यांनी दोन्ही कागद उजेडाला धरले, एकावर एक ठेवून पाहिले आणि मग अशा हसल्या की पुढच्या दुकानातलं गिऱ्हाईक डोकावून गेलं. आपली मालकीणबाई हट्टी आहे, पण पडली तरी नाक वर असलं काही नाही तिचं. त्याच संध्याकाळी त्यांनी यादी माझ्या ताब्यात दिली.

आता दोन वेगळे मेल हवे होते. पहिला ठरलेलाच होता, माझा लाडका, 'वीस टक्के सूट', ठळक अक्षरात, वर चमकणारा बूट. दुसऱ्यासाठी मी दोन दिवस डोकं खाजवलं, आणि मग खरं सांगायचं तर डोकं खाजवायचं नाटक सोडून टेबलाचा सगळ्यात खालचा खण उघडला. तिथे तुझं पत्र होतं, तू इथे असताना यादीतल्या गिऱ्हाइकांसाठी लिहिलेलं. कागद कडांना पिवळट झालाय, पण तुझं गोल अक्षर तसंच. 'तुमचे पाय अजून आमच्याकडे आहेत,' अशी सुरुवात. 'तिसऱ्या भिंतीवर, वरून दुसऱ्या फळीवर. आम्ही त्यांच्यावरची धूळ दर शनिवारी पुसतो. पण तुम्ही गेल्यापासून तुम्ही पुष्कळ चालला असाल, आणि चालणाऱ्याचे पाय बदलतात. एकदा येऊन उभे राहा. फार वेळ लागणार नाही.' खाली मामांची सही आणि ज्याच्या त्याच्या लाकडी पायाचा नंबर; भिंत आणि फळीही ज्याची त्याची. सूट नाही, बटण नाही, घाई करा नाही. चार वर्षांपूर्वी मला ते वाचून वाटलं होतं की ही बाई बूट विकतेय की निरोप घेतेय. या वेळी ते वाचताना मला दोन वेळा चष्मा पुसावा लागला. मी एक शब्दही बदलला नाही. फक्त धूळ खरंच दर शनिवारी पुसली जाते का हे मामांना विचारलं. ते म्हणाले, तू गेल्यापासून ते एकटेच पुसतात.

सोमवारी सकाळी दोन्ही मेल गेले, पाचशे चौऱ्याहत्तर आणि पाचशे चौऱ्याहत्तर. मोजणीची तारीख, चौदावा दिवस, मी कागदावर लिहून पाकिटात घालून मामांच्या खणात ठेवली आणि किल्ली त्यांच्याकडे दिली. दुपारी जेवायच्या सुट्टीत राहवलं नाही आणि मी पाहिलं. सूट सहा, तुझं पत्र दोन. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं झालं. तोच तास, तेच टेबल, आकडेही तसेच वाकडे. मालकीणबाई दारात येऊन विचारत होत्या, काय म्हणतंय? साठ माणसं हवी होती आणि सूट तिपटीने पुढे होती. सगळ्या यादीला सूट पाठवून टाकू, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण मामा मागून म्हणाले, "सकाळी घेतलेलं माप संध्याकाळी चावतं." त्यांनी ते मला उद्देशून म्हटलं की समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला, देव जाणे. पण तुला माहीत आहे, ते नवीन बुटाचं माप कधीही दिवस कलल्याशिवाय घेत नाहीत, कारण दिवसभर चालून पाय फुगतात आणि खरा पाय तोच. मी मालकीणबाईंना सांगितलं, आज काहीच म्हणत नाहीये, चौदाव्या दिवशी म्हणेल.

ते तेरा दिवस आमच्या घराने कसे काढले ते त्यांनाच विचार. नवऱ्याने माझा फोन पिठाच्या डब्यात लपवला. सासूबाई म्हणाल्या, जी बाई पातेलं ठेवल्याबरोबर झाकण उचलून बघते तिला चौदा दिवस थांबायला सांगणाऱ्या बाईला त्यांना एकदा भेटायचंच आहे. पण दुकानात काहीतरी घडतंय हे आकडे न बघताही कळू लागलं होतं. तिसऱ्या दिवसापासून फोन येऊ लागले. सूट बघून आलेली माणसं पहिल्या दोन दिवसांतच येऊन गेली होती. ही दुसरी माणसं सावकाश होती. त्यांनी पत्र वाचलं होतं, घरच्यांना दाखवलं होतं, जुना बूट काढून टाचेकडे पाहिलं होतं, कुणाला घेऊन जायचं ते ठरवलं होतं आणि मग फोन केला होता. एक आजोबा तर वेळ न घेताच आले आणि मला माझा पाय दाखवा म्हणाले. मामांनी शिडी लावली. बारा वर्षांपूर्वीचा स्वतःचा पाय दोन्ही हातांत धरून ते इतका वेळ उभे होते की मामांनी स्वतःचं स्टूल आणून त्यांच्यामागे ठेवलं.

चौदाव्या दिवशी मामांनी खण उघडला, पाकीट फोडलं, तारीख वाचली आणि मी आकडे वाचले. सूट एकोणीस. तुझं पत्र सत्तेचाळीस. गोगलगाय, सत्तेचाळीस! चारशेबाई मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी कार्डावर हिशेब मांडला आणि म्हणाल्या, हा हत्ती आहे, नशिबाने एवढा फरक सहसा पडत नाही. दोन्ही मिळून सहासष्ट, म्हणजे साठाच्या वर सहा. मालकीणबाईंनी उभ्या उभ्या सजावटवाल्याला फोन लावून सांगितलं की पाय दिव्यांसाठी नाहीत, चालण्यासाठी आहेत. मामा मागच्या खोलीत गेले आणि शनिवार नसतानाही शिडी लावून एकेका पायावरची धूळ पुसू लागले. सूट गेलेल्या बाजूलाही मी तुझं पत्र लगेच पाठवलं, आणि कालपर्यंत त्यातले आणखी सव्वीस आले आहेत. मामांना आता मदतीला माणूस लागणार आहे. मालकीणबाईंनी विचारलं, हे पत्र लिहिलं कुणी? मी तुझं नाव सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, पण ते पत्र तर हरलं होतं ना?

आता ते, जे मी वर टाळलं. ते हरलं नव्हतं. चार वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी दुपारी वीस-वीसमध्ये माझ्या सूटवाल्या मेलला तीन आणि तुझ्या पत्राला एक आलं, आणि मी टेबलावर थाप मारली, सगळ्यांसमोर, तुझ्यासमोर. संध्याकाळी दुकान बंद करताना मी पुन्हा पाहिलं तेव्हा माझे तीनच होते आणि तुझे चार झाले होते. मी ते एका चिठ्ठीवर लिहिलं, चिठ्ठी खणात टाकली, तुझं पत्र तिच्यावर ठेवलं आणि घरी गेले. त्या निकालावर लिहिण्याचं काम मला एकटीला मिळणार होतं म्हणून मी गप्प राहिले. दोन महिन्यांनी तू नोकरी सोडलीस, तेव्हाही गप्प राहिले, आणि निरोपाला तुला मिठी मारली. तुला मी गमतीने म्हणायचे ना, गोगलगाय अन् पोटात पाय. पाय माझ्याच पोटात होते. त्या आकड्यांनी तुझं पत्र जिंकलंही नव्हतं, हे आता मला कळतं. विसावर कुणी जिंकत नाही. पण हरलेलं नसताना तुला हरवलं मी. हे सगळं मालकीणबाईंना सांगून झालंय, मामांनाही. मामा म्हणाले, तिला सांग, आम्हाला काय सांगतेस. म्हणून हे पत्र. सोबत दोन कागद आहेत. एक ती चिठ्ठी, 'तीन-चार' लिहिलेली. दुसरं मालकीणबाईंचं पत्र, लिहिण्याचं काम तुझ्या हाती देणारं. मोजायला मी आहे, तू म्हणशील तर. तुझं खिडकीजवळचं टेबल आम्ही पुसून ठेवलंय. मला माफ कर असं मी दहा वेळा लिहून दहा वेळा खोडलं, आता अकराव्यांदा लिहिते आणि तसंच ठेवते: मला माफ कर. उत्तराची घाई करू नकोस. तीन दिवस घे, तीन महिने घे. पाचव्या दिवशी काही आलं नाही म्हणून मी काहीही समजणार नाही, आणि या वेळी मोजायची तारीख मी मुद्दाम कुठेच लिहिलेली नाही.

तुझीच, या वेळी थांबलेली,
वावटळ